झिपरीची गेलेली चव

जनावरं एकमेकांची विचारपूस करत त्या काळची ही गोष्ट. एका डोंगरात झिपरी नावाची अस्वलीण राहायची. वारुळं उकरून वाळवी खायची, करवंदं ओरबाडायची आणि ढाराढूर झोपायची. एकदा पायथ्याशी गुऱ्हाळ लागलं. तिथल्या खड्ड्यात सांडलेली गोड काकवी तिनं चाटली आणि मग तिला दुसरं काही सुचेना. रोज पहाट झाली की ती खड्डा गाठायची. पहिल्या दिवशी चार चाटण्यांत खूश झालेलं मन आता सगळा खड्डा कोरडा केला तरी भरेना.

उसाचा हंगाम संपला, गुऱ्हाळ बंद झालं. झिपरी सैरभैर झाली. या झाडाखाली बसे, त्या झाडाखाली बसे, कुठंच चैन पडेना. खाणं तुटलं, हाडं दिसू लागली.

"काका, यंदा करवंदं बेचव का?" तिनं शेजारच्या साळिंदराला विचारलं.

साळिंदरानं एक चाखलं. "छान आंबटगोड आहेत की! तुझीच जीभ बधिर झालीय, पोरी. जा, वारूळ उकर."

"उकरावंसंच वाटत नाही हो."

"वाटायची वाट बघू नकोस. आधी उकर."

त्याची कटकट थांबावी म्हणून झिपरीनं चिडून वारुळात नखं घातली. वाळवी मातीसारखी लागली. दुसऱ्या दिवशीही मातीच. ती रडकुंडीला आली, पण उकरत राहिली. बाराव्या दिवशी धापा टाकत तिनं एक घास घेतला आणि थबकली.

"काय गं, काय झालं?" साळिंदरानं विचारलं.

झिपरी मिटक्या मारत घासामागून घास घेत होती. तिचं तोंड भरलेलं होतं.