निळाई आणि मागची गाडी

गाड्यांतले कॅसेटचे टेप जाऊन पडद्याचे स्टिरिओ बसू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. सांगलीत निळाई नावाची एक जुनी गाडी होती. तिचे मालक आवटी यांनी घोगरा झालेला टेप काढून तिला नवा स्टिरिओ बसवला. गाडी मागे घेताना त्याच्या पडद्यावर मागचं सगळं दिसायचं. निळाईला वाटलं, आपण पुन्हा तरुण झालो. मग भेटेल त्या गाडीला ती नावं ठेवू लागली.

एकदा फर्निचरच्या दुकानासमोर आवटी गाडी मागे घेत होते. पडद्यावर एक गाडी दिसली. तिला ठिकठिकाणी पोचे पडले होते आणि तिची डिकी सुतळीने बांधली होती.

"काय हा खटारा," निळाई हसली. "आणि येतेय बघ सरळ आपल्याच अंगावर."

"मावशी, थांबा," स्टिरिओ म्हणाला.

"मी का म्हणून थांबू? तिला थांबू दे."

आवटींनी ब्रेक दाबला, तरी निळाई हट्टाने हातभर मागे सरकलीच. खळ्ळकन आवाज झाला आणि पडद्यावरची गाडी नाहीशी झाली.

"गेली कुठे ती?" निळाईने विचारलं.

"मावशी, तिथे कपाटाचा आरसा होता," स्टिरिओ हळूच म्हणाला. "त्यात तुम्हीच दिसत होता."

हसता हसता निळाईच्या इंजिनाला खोकल्याची उबळ आली.

"तरीच," ती म्हणाली. "इतकी हट्टी गाडी सांगलीत दुसरी कुठली असणार?"