वाकड्या पट्टीचा शेला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावं नव्हती, ती कामावरून ओळखली जात. नदीच्या वळणावर असंच एक विणकरांचं गाव होतं. घरोघरी माग होते, आणि सकाळ झाली की गावभर धोट्यांची खटखट सुरू व्हायची.

या गावाचा एक नियम होता. मागावर धागे ज्याने चढवले, त्यानेच कापड विणून उतरवायचं. मधे दुसऱ्या कुणी त्या मागाला हात लावायचा नाही. दुसरं कुणी मागावर बसलं, की विणणारं माणूस गेलं असं गाव समजायचं. मग लोक डोक्याला पंचे गुंडाळून दारात येऊन बसायचे.

त्या गावात एक विणकरीण होती. घरात ती, नवरा आणि म्हातारी सासू. तिच्यासारखा काठ पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. पण वर्षातून कधीतरी तिच्या अंगात जणू वारं भरायचं. झोप उडायची, भूक उडायची. एका दमात सात घरांना लुगड्यांचा शब्द देऊन यायची. रस्त्यावरच्या माणसांना हाक मारून घरातली तांब्याची भांडी वाटून टाकायची. मागाची फणी इतक्या जोरात ठोकायची, की उभे धागे तटातट तुटायचे. तेव्हा तिला वाटायचं, आपण नदीसुद्धा मागावर चढवू शकू.

आणि मग एक दिवस सगळं ओसरायचं. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहायची. केस विंचरायला हातसुद्धा वर जात नसे.

गाव म्हणायचं, "हिला बाहेरचं झालंय." कुणी म्हणायचं, नाटकं आहेत सगळी. नावं ठेवायची गावाला भारी घाई. दारात येऊन विचारपूस करायला मात्र कुणाला सवड नव्हती.

घरचे वाईट नव्हते. ती पडली की सासू मागावर धुतलेलं धडपं टाकून ठेवायची. नवरा पाय न वाजवता चालायचा. नियम पाळून आपण तिचा मान राखतोय, असं दोघांना वाटायचं. तिला मात्र त्या झाकलेल्या मागाकडे पाहून वाटायचं, मी तर केव्हाच गेले, यांनी फक्त गावाला कळवलेलं नाही.

शेवटी सासूने काठी उचलली आणि सुनेला घेऊन टेकडीपलीकडच्या वैद्यबाईकडे गेली. वैद्यबाईने सगळं ऐकून घेतलं. सुनेचं आधी, सासूचं नंतर. मग म्हणाली, "हे बाहेरचं नाही, आणि नाटकही नाही. आजार आहे. काढा रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. तो मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. पण त्याला वेसण घालता येते."

"आणि आम्ही काय करायचं?" सासूने विचारलं.

"तुम्ही विणकर ना? धागा तुटायला आला, हे तुम्हाला कसं कळतं?"

"टिचकी मारून. ताण वाढला की आवाज बारीक होतो. धागा सैल पडला की आवाजच येत नाही."

"मग मला कशाला विचारता?"

दोघी घरी आल्या. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि तो लागला टिचक्या मारायला. झोपलीस का? जेवलीस का? आत्ता मोठ्याने का हसलीस? चौथ्या दिवशी तिने धोटा खाली ठेवला.

"मी काय धागा आहे, उठल्याबसल्या टिचक्या मारायला? हसूसुद्धा नको का आता मी?"

नवरा खजील झाला. मग तिघं चुलीपाशी बसली. ती म्हणाली, "सलग दोन रात्री जागी दिसले, तर विचारा. भांडी वाटायला काढली, तर विचारा. पण विचारा. माझ्या वतीनं ठरवून मोकळे होऊ नका."

"आणि तू चिडलीस तर?"

"चिडेनच. तरी विचारा."

हे बरेच दिवस छान चाललं. इतकं छान, की आपल्याला आता काही झालेलंच नाही असं तिला वाटू लागलं. महिनाभर तिने काढा परसातल्या पेरूला घातला.

"पेरू कडू लागला तेव्हाच ओळखलं मी," सासू म्हणाली आणि पेला पुन्हा भरून तिच्यापुढे केला. पण तोवर उशीर झाला होता.

त्या वर्षी देवीचा शेला विणायचा मान या घराकडे होता. जत्रेआधी शेला उतरला नाही, तर मान कायमचा दुसऱ्या घरी जाणार होता. वाऱ्याच्या वेगाने तिने अर्धा शेला विणला, आणि हात थांबले.

भिंतीकडे तोंड करूनच ती नवऱ्याला म्हणाली, "धागे कापून टाका. मला माहेरी पोचवा, आणि विणणारी दुसरी आणा."

नवरा तिच्या पायाशी बसून राहिला. सासूने दारातून ते ऐकलं. ती वळली, मागावरचं धडपं ओढून काढलं आणि स्वतः मागावर बसली. खट. खट. म्हातारीचा हात ओळखू येईल इतका सावकाश.

दुपारपर्यंत गावचा पंच चार माणसं घेऊन दारात हजर. सगळ्यांच्या डोक्याला पंचे.

"वहिनी, कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

"कुणी नाही. म्हणूनच बसलेय. ती येईपर्यंत माग गार पडू द्यायचा नाही."

"पण देवीचा शेला आहे हा. एका हाताचा लागतो."

"देवीला स्वतःला आठ हात आहेत. तिची कशाला हरकत असेल? डोक्यावरचे पंचे सोडा, ताक देते."

आत सुनेच्या कानावर सगळं पडलं. 'ती येईपर्यंत' हे दोन शब्द तिने पुन्हा पुन्हा मनात म्हटले. त्या दिवशी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण काढा तिने स्वतःहून मागून घेतला. नवव्या दिवशी भिंतीला धरून ती मागापाशी आली.

सासूचं विणकाम जाळीसारखं विरळ होतं. नवऱ्यानेही मधे हात चालवला होता, ते घोंगडीसारखं जाड झालं होतं. दोन्हींची मिळून एक वाकडी पट्टी तयार झाली होती.

"हे काय विणलंय?" ती म्हणाली. "इथून बोट आरपार जातंय, आणि इथून तर पाणीसुद्धा जायचं नाही."

"मग बस आणि तूच विण," सासू म्हणाली आणि सरकली. लाकडी फळी तिच्या बसण्याने कोमट झाली होती.

सुनेला ती पट्टी उसवता आली असती. तिने उसवली नाही. उरलेला शेला विणून जत्रेच्या आदल्या दिवशी तिने आपल्या हाताने धागे कापले. देवीच्या खांद्यावरची वाकडी पट्टी सगळ्या गावाला दिसली. पंचाने हरकत घेतली नाही, आणि देवीचीही काही तक्रार आली नाही.

चढउतार पुढेही आले, पण लहान होऊन आले. भांडी घरातच राहिली, पेरू पुन्हा गोड झाले. आणि त्या गावात आता कुणी आजारी पडलं, की घरचं कुणीतरी त्याच्या मागावर बसतं. त्या जागी कापड वाकडं येतं. लोक त्याला सोबतीची पट्टी म्हणतात आणि कौतुकाने दाखवतात.

बोध एवढाच: आजारी माणसाची जागा झाकून ठेवू नये, तो परत येईपर्यंत घरच्यांनी ती उबदार ठेवावी.