मूलाधाराची माती

नदीकाठच्या एका गावात एक जुना आखाडा होता. त्या आखाड्यातली एक मुलगी एकदा भीतीने जेवेनाशी झाली.

मुलीचं नाव अश्लेषा. मल्लखांबावर तिचा हात धरणारं आसपासच्या गावांत कोणी नव्हतं. एरंडेल लावलेल्या त्या गुळगुळीत खांबावर ती उलटी लटकली, तरी तिच्या कपाळावर आठी पडत नसे. पण त्या वर्षी नागपंचमीच्या प्रात्यक्षिकात तिला एकटीला चढवायचं नाही, असं आखाड्याच्या वृद्ध गुरुजींनी ठरवलं. खांबाच्या मध्यावर पायांची अढी, म्हणजे घट्ट विळखा, घालून अश्लेषाने धड बाहेर झोकून द्यायचं, आणि तिच्या मांड्यांवर उभं राहून आखाड्यातल्याच सात वर्षांच्या रुंजीने गावाला नमस्कार करायचा.

स्वतः पडण्याची भीती अश्लेषाला ठाऊक होती. ती केव्हाच अंगवळणी पडली होती. आपल्यामुळे दुसरं कोणी पडेल, ही भीती मात्र तिला नवी होती.

त्या भीतीला कारणही होतं. आखाड्याची लाल माती रोज सकाळी कुदळीने खणून भुसभुशीत करत. ताक, तेल आणि हळद मुरलेली ती माती पडणाऱ्याला अलगद झेलून घेई. पण नागपंचमीला जमीन खणायची नाही, ही रीत. शिवाय त्या दिवशी सकाळपासून सारा गाव खांबाच्या पूजेला पत्र्याच्या छपराखाली मातीत उतरे. हजार पावलांनी तुडवलेली माती दुपारपर्यंत सारवलेल्या अंगणासारखी चोपून बसे. आजवर त्याने काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी चढणारे सगळे मोठे असत, आणि उडी मारून पायांवर उतरत. लहान पोर नागपंचमीला खांबावर कधी चढलंच नव्हतं.

अश्लेषाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "गुरुजी, त्या दिवशी खाली गाद्या टाकू या का? शाळेत आहेत. मागितल्या तर देतील."

"आखाड्याच्या मातीवर गादी?" गुरुजी हसले. "उद्या म्हणशील, खांबाला उशी बांधा. अगं, या मातीने पिढ्यान् पिढ्या झेलल्यात. भीती मातीत नसते, मूलाधारात असते. तो पक्का कर. गादी लागणार नाही."

सगळे हसले. अश्लेषाही कसनुसं हसली.

पाठीच्या कण्याच्या तळाशी, बसलं की जिथे आपण जमिनीला टेकतो, तिथे योगशास्त्र मूलाधार चक्र मानतं. पृथ्वी हे त्याचं तत्त्व, लाल हा त्याचा रंग. आपल्याला आधार आहे की नाही, हा त्याचा प्रश्न. तो प्रश्न सुटलेला नसेल, तर वरच्या साऱ्या चक्रांची चर्चा व्यर्थ, असं गुरुजी नेहमी सांगत. अश्लेषाने ते मनावर घेतलं. पहाटे डोळे मिटून ती ‘लं’ हा बीजमंत्र जपू लागली. मूलबंध, म्हणजे कण्याच्या तळाचे स्नायू आत ओढून धरायचे, तो तर तिने दिवसभर धरला. कॉलेजच्या बाकावर धरला, एस.टी.च्या रांगेत धरला, कणीक मळताना धरला. जरा सैल पडला की तिच्या डोळ्यांसमोर रुंजी खाली येताना दिसे, आणि ती दचकून पुन्हा आवळून घेई.

हळूहळू नुसता तळच नव्हे, तिचं सारं अंग आवळलं. जबडा दुखू लागला. खांदे कानांपाशी चढले.

"झोपेत दात का खातेस गं?" आई म्हणाली. "आणि हे ताट? पाखराएवढं तरी खा."

"खाल्लं की जड वाटतं."

"जड नाही वाटत. तू कशाला तरी घाबरलीयस."

"आई, प्लीज. मी पक्की होतेय."

पक्कं होणारं माणूस इतकं वाळत नाही, एवढं आईला कळत होतं. पण गुरुजींच्या शब्दापुढे ती बोलली नाही.

पंचमी दोन दिवसांवर आली. त्या दिवशी सरावात अश्लेषाने अढी घातली, धड झोकलं, आणि रुंजी तिच्या मांड्यांवर चढली. चढता चढताच म्हणाली, "ताई, दगडावर उभं राहिल्यासारखं वाटतंय."

"गप्प. समोर बघ."

अश्लेषाने होतं नव्हतं ते बळ लावून स्वतःला आवळलं. मांड्या थरथरू लागल्या. थरथर थांबावी म्हणून तिने आणखी आवळलं, श्वासही कोंडून धरला. थरथर वाढली. रुंजीचा पाय सरकला, आणि अश्लेषाने हात पुढे करून धरण्याआधीच ती पोर खाली गेली होती.

माती सकाळीच खणलेली होती. रुंजीचा ओठ तेवढा फुटला. ती उठून बसली, तोंडातली माती थुंकली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तू श्वासच घेत नव्हतीस. घे ना जरा!"

अश्लेषा खांबावरून उतरली. आज ओठ फुटला, परवा काय फुटेल? सगळ्यांसमोर ती गुरुजींवर कडाडली. "मी करणार नाही. तुम्ही म्हणालात, मूलाधार पक्का कर. केला! अन्न सोडलं, झोप सोडली, अंगाचं लाकूड झालं. भीती एवढीशीही कमी झालेली नाही. आता म्हणा, तुझीच साधना कमी पडली."

गुरुजींना असं बोललेलं तिथे कोणी ऐकलं नव्हतं. एकजण पुटपुटला, "जरा तोंड सांभाळ." गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं. रुंजीच्या ओठावर हळद दाबत ते अश्लेषाला एवढंच म्हणाले, "उद्या संध्याकाळी ये."

ती गेली ती सांगायला की, तुमची परंपरा तुम्ही सांभाळा, रुंजीला मी चढू देणार नाही.

गुरुजी मातीत उभे होते. त्यांनी कोपऱ्यात एक खड्डा खणून ठेवला होता. "आधी यात उभी राहा. मग काय बोलायचं ते बोल."

"हे काय आता?"

"राहा तर खरी."

ती चिडूनच उतरली. गुरुजींनी तिच्या गुडघ्यांपर्यंत माती लोटली, आणि थकल्या पायांनी सगळीकडून तुडवून ती घट्ट बसवली. "आता पक्की झालीस?"

"झाले."

"पाय हलव."

"हलत नाहीत."

"उत्तम," असं म्हणून गुरुजींनी तिच्या खांद्याला पंजाने हलकासा धक्का दिला. तिने पाऊल मागे टाकायला पाहिलं, पण पाऊल होतंच कुठे? हात हवेत फिरले आणि ती धप्पकन मागे बुडावर बसली.

गुरुजींनी तिचे पाय उकरून काढले, तिला मोकळ्या मातीवर उभं केलं आणि पुन्हा तसाच धक्का दिला. ती एक पाऊल सरकली, गुडघ्यांत वाकली, सावरली. त्यांनी आणखी जोराने ढकललं. ती पुन्हा सावरली.

"पाहिलंस?" गुरुजी मातीतच मांडी घालून बसले. "मी पक्का कर म्हणालो, आणि तू खिळा झालीस. खिळा घट्ट असतो, पण तो मेलेला असतो. मूळ जिवंत असतं. ते धरतं, सोडतं, ओल असेल तिकडे वळतं, म्हणून वाऱ्यात झाड उभं राहतं. मूलबंध जसा बांधायचा, तसा सोडायचाही असतो. तू बांधलास, पण सोडलाच नाहीस. अगं, तोल म्हणजे न हलणं नव्हे. सतत थोडं थोडं हलत राहणं, त्यालाच तोल म्हणतात. आणि भीती हाकलायची गोष्ट नाही. मूलाधाराच्या दारातली ती राखणदार आहे. राखणदाराला हाकललं, तर घर कोण राखणार?"

अश्लेषाने त्यांच्यासमोर बसून ऐकलं. कितीतरी दिवसांनी तिच्या पोटापर्यंत श्वास उतरला. पण ती उठली नाही. हातातली माती चुरत ती म्हणाली, "पटलं, गुरुजी. एक विचारू?"

"विचार."

"मी आत्ता एवढी आपटले, मला लागलं का नाही?"

"माती मऊ आहे. आजच खणलीय मी."

"आणि उद्या?"

"उद्या... उद्या खणायची नाही."

"मूळ जिवंत असतं म्हणालात. पण दगडात नाही ना शिरत ते? त्यालाही मऊ जमीन लागते." अश्लेषा थांबली नाही. "माझं चक्र बिघडलंय की नाही, मला माहीत नाही. मी उद्याच्या मातीला घाबरले होते. तुमची ती राखणदार पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेली, गाद्या टाका. तुम्ही हसलात. मग सगळेच हसले."

पत्र्यावर श्रावणातली एक सर वाजून गेली. चिमूटभर माती गुरुजींनी बोटांत धरून पाहिली, जणू पहिल्यांदाच पाहत असावेत.

"राखणदार हाका मारत होती," ते हळू म्हणाले, "आणि मी तिचंच तोंड बंद करायचा मंत्र तुला दिला." मग कपडे झटकत उठले. "शाळेची किल्ली कोणाकडे असते?"

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली. माती अपेक्षेप्रमाणे कडक झाली होती. तिच्यावर स्वतः गुरुजींनी निळ्या गाद्या एकमेकींना भिडवून अंथरल्या. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक जुने पैलवान मोठ्याने म्हणालेच, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, गुरुजी."

"तुमच्या वेळी सात वर्षांची पोर चढत नव्हती, आबा. आणि जरा मागे सरका, गादीवर चपला नकोत."

लोक हसले. आबाही चपला काढून मागे सरकले.

अश्लेषा चढली. अढी घातली, धड झोकून दिलं. रुंजी वर आली, आणि भीतीही आली, तशीच. अश्लेषाने तळ बांधला. मग सोडला. श्वास घेतला, सोडला. मांड्या थरथरल्या. तिने ती थरथर दाबली नाही.

"ताई, हलतेयस," वरून रुंजी कुजबुजली.

"हो. तूही हल माझ्याबरोबर."

रुंजीचे इवलेसे पाय मऊ झाले, तिच्या मांड्यांच्या लयीत थोडे आत, थोडे बाहेर होऊ लागले. एक क्षण ती इतकी डोलली की खालच्या बायकांनी तोंडावर हात धरले. अश्लेषाची नजर गादीकडे गेली, तिथे टेकली आणि शांतपणे परत वर आली. रुंजीने हात जोडले. फुटलेल्या ओठाने ती सबंध गावाकडे बघून हसली.

दोघी उतरल्यावर गुरुजींनी विचारलं, "गेली का गं भीती?"

"नाही," अश्लेषा म्हणाली. "पण आता तिला ओरडावं लागत नाही."

गुरुजींनी मान डोलावली आणि ते पुढच्यांना चढवायला वळले.

भ्यालेल्या माणसाला मूलाधाराचं ध्यान जरूर शिकवावं. पण त्याआधी वाकून, हाताने, त्याच्या पायाखालची जमीन चाचपून पाहावी.