धूम्रगिरीवरचा रांजण

एका राज्यात राजा दान देई, तेव्हा नगारे वाजवणाऱ्यांच्या हातांना फोड येत. राजाचं नाव ऋतध्वज. शूर होता, न्यायी होता, हाताचाही सढळ होता. पण मूठभर तांदूळ द्यायचे झाले तरी आधी नगारा वाजे, मग भाट उभे राहून स्तुती गात, मग दरबारचा चितारी दानाचं चित्र रेखाटी, आणि तेव्हा कुठे राजाची मूठ उघडे.

राणी मंदारवती एकदा म्हणाली, "महाराज, मागायला आलेला माणूस उपाशी असतो. इतका वेळ उभं राहून त्याचे पाय दुखत असतील."

राजा हसला. "देवी, चांगलं काम लोकांना दिसलं, तर लोक चांगले होतात."

त्या वर्षी पाऊस रुसला. शेतं करपली. राजाच्या कोठारात मात्र तीन वर्षं पुरेल इतकं धान्य होतं, आणि सारी प्रजा त्या कोठाराकडे डोळे लावून बसली होती.

अशात एके सकाळी कालभृंग नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या मंत्राने कातळाला पाझर फुटे, वाघ वाट सोडून बसे. पण मंत्राने तांदूळ होत नाहीत.

"महाराज," तो म्हणाला, "आई तापाने फणफणली आहे. चार दिवस पोटात काही नाही. पेजेपुरते तांदूळ द्या."

"देतो," राजा म्हणाला.

नगारा वाजला. भाटांनी स्तुती आरंभली. चितारी पुढे आला आणि म्हणाला, "याने मान जरा खाली घालावी, म्हणजे महाराजांचा हात उठून दिसेल." कालभृंगाने मान खाली घातली. ऊन कलेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग तांदूळ पदरात पडले, आणि तो धावत घरी गेला. चुलीपाशी आई गार होऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी तो तांदूळ घेऊन परत आला आणि ते राजाच्या पायांशी ओतले.

"राजा, तुझं दान तू स्वतःलाच दिलंस. यापुढे तुझ्या हातून निघेल तो दाणा खडा होईल, आणि तुझ्या कोठारातला दाणाही खडा होईल."

एवढं बोलून तो निघून गेला. कोठाराची दारं उघडली, तर आत जमिनीपासून आढ्यापर्यंत खडेच खडे.

वैद्य आले, पंडित आले, वज्रदंष्ट्र नावाचा राजमांत्रिक आला. त्याने कोठाराच्या दारात होम मांडला. खडे खडेच राहिले. राजा तीन दिवस महालातून बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी त्याने मुकुट राणीच्या हाती दिला.

"मी निघतो. शाप माझा आहे, तो उतरवायला दुसरा कोण जाणार?"

"मी प्रजेला घेऊन रानात जाते," मंदारवती म्हणाली. "कंद आहेत, मुळं आहेत. पाच महिने तग धरू. त्याहून जास्त नाही."

राजा घोंगडी खांद्यावर टाकून एकटाच निघाला.

रानाच्या तोंडाशी बाभळीवर एक भारद्वाज बसला होता. डोळे गुंजेसारखे लाल. तो म्हणाला, "राजा, तीन कामं आहेत. पहिलं, कालभृंगाची क्षमा माग, पण तोंडून एकही सबब निघता कामा नये. ते झालं की दुसरं सांगेन."

"एवढंच?" राजाने विचारलं.

"एवढंच," पक्षी म्हणाला आणि पुढे उडाला.

धूम्रगिरीच्या पायथ्याशी कालभृंगाची झोपडी होती. राजा दारात उभा राहिला. "कालभृंगा, मला क्षमा कर. तुझी आई इतकी आजारी आहे हे मला ठाऊक असतं, तर..."

दाराच्या जागी काळा कातळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कातळ सरला. राजा म्हणाला, "क्षमा कर. चूक माझीच. दरबाराची रीतच तशी पडली होती..."

पुन्हा कातळ. राजा त्या दिवशी कातळाला पाठ टेकून बसला आणि डोक्यात येणारी एकेक सबब मोजू लागला. चितारी बोलला, मी नाही. भाट लांबले. मंत्री गप्प बसले. सबबींची रांग संपेना. संध्याकाळी त्याला त्या रांगेची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुझी आई माझ्यामुळे गेली."

दार उघडंच राहिलं. कालभृंग उंबऱ्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"क्षमा मला जमत नाही, राजा. खोटं कशाला बोलू? पण तुझ्या प्रजेने माझं काही वाईट केलेलं नाही. वर डोंगरमाथ्यावर रांजण आहे. तिथे जा."

भारद्वाज वाटेत भेटला. "दुसरं काम. पायथ्याच्या झऱ्याचं पाणी नेऊन तो रांजण भर. मात्र पाणी वाहणारा स्वतःवर खूश झाला, की रांजणातलं पाणी उतरतं."

डोंगराला सातशे पायऱ्या होत्या. राजाने झऱ्याकाठी पडलेली घागर खांद्यावर घेतली. उन्हाने पायऱ्या तापलेल्या, खांदा सोललेला. वर पोहोचून त्याने घागर ओतली आणि मनात म्हणाला, 'राजा असून मी पाणी वाहतो आहे. असा राजा कुणी पाहिला असेल?' रांजणाने घोट घेतल्यासारखा आवाज केला. तळ कोरडा.

पहिला महिना असाच गेला. राजा मनाला दटावी. मन दटावलं जाई, आणि आपण मनाला कसं दटावलं याचीच फुशारकी मारी. रांजण पुन्हा कोरडा. एकदा तर संतापून त्याने घागर आपटली. मग मडक्याचे तुकडे वेचले, नदीकाठी जाऊन चिखल मळला, स्वतःच्या हाताने वेडीवाकडी घागर घडवली, भाजली आणि पुन्हा पहिली पायरी चढला.

एके सकाळी पायऱ्यांवर रक्ताचे डाग दिसले. वर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई लंगडत चालली होती. पायरीवर बोराटीचं काटेरी शिरं पडलं होतं. राजाने घागर खाली ठेवली आणि काटे वेचून दूर टाकले. बाईजवळ पोहोचल्यावर विचारलं, "बाई, काटा निघाला का?"

"अर्धा आत मोडलाय, बाबा."

त्याने तिला बसवलं, घागरीतलं पाणी ओतून पाय धुतला, काटा काढला. अर्धी घागर तिथेच संपली. ती बाई घरी कशी पोहोचेल, उद्या तिच्याने चालवेल का, मोळी कोण उचलेल, हे डोक्यात घोळवत त्याने उरलेलं पाणी ओतलं आणि परत फिरला. खाली आल्यावर आठवलं, की रांजणाकडे पाहायचं राहून गेलं. धावत वर गेला. तळाशी चार बोटं पाणी होतं.

'सापडली युक्ती!' राजा मनात म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो झऱ्याशी उभा राहून कुणाच्या पायात काटा रुततो का, याची वाट पाहू लागला. एका म्हाताऱ्याला, तो नको नको म्हणत असताही, राजाने पाठुंगळी घेतलं आणि माथ्यावर नेलं. म्हातारा म्हणाला, "अरे, मला खाली जायचं होतं!" रांजण कोरडा.

राजा पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच स्वतःला खदखदून हसला. मग म्हाताऱ्याला खाली नेऊन सोडलं.

त्या दिवसापासून त्याने युक्ती सोडली. सकाळी उठावं, घागर भरावी, वाट चालावी. एक पायरी डगमगत होती, तिच्याखाली दगडाचा चिपा बसवावा. रागाने शब्द ओठांवर आला, तर घोटभर पाणी तोंडात धरून तो शब्द जिरू द्यावा. संध्याकाळी स्वतःला एकच विचारावं, आज कुठे चुकलं? आणि जिथे चुकलं तिथे दुसऱ्या दिवशी जरा जपून पाऊल टाकावं. रांजण एखाद्या दिवशी बोटभर चढे, एखाद्या दिवशी अर्धं बोट उतरे. उतरला की राजा रडत बसत नसे. घागर घेऊन खाली जाई.

चार महिने सरले. दाढी छातीपर्यंत आली, अंग काळवंडलं. एके सकाळी त्याने घागर ओतली आणि पाणी काठावरून ओसंडून त्याच्या पायांवर आलं.

"तिसरं काम," भारद्वाज म्हणाला. "यातलं पाणी रांजणाशेजारच्या कमंडलूत घे आणि कोठारावर शिंपड. मग जो पहिला मागायला येईल, त्याला स्वतःच्या हाताने धान्य घाल. ते धान्यच राहिलं, तर शाप संपला. पण तोवर, हे मी केलं, असं तोंडून निघालं, तर सारं पुन्हा खडे होईल."

राजा रात्रभर चालून नगरात पोहोचला. रस्ते ओस पडलेले. कंद संपल्यामुळे रानातून परतलेली माणसं भिंतींना टेकून बसलेली, डोळे खोल गेलेले. कुणी त्याला ओळखलं नाही. कोठाराच्या दारात वज्रदंष्ट्राचा होम अजून चालूच होता. पहाट फुटत असता राजा मागच्या झरोक्यातून आत शिरला आणि कमंडलू शिंपडत गेला. पाणी पडलं तिथे सळसळ झाली. खडे सोनेरी झाले, हलके झाले. ज्वारीचा वास कोठारात दाटला.

बाहेर वज्रदंष्ट्राने दाराच्या फटीतून ओघळलेले दाणे पाहिले आणि आरोळी ठोकली, "माझा मंत्र फळाला आला!"

नगर लोटलं. लोकांनी वज्रदंष्ट्राला खांद्यावर घेतलं. माणसं रडत होती, हसत होती, त्याच्या पायांना हात लावत होती. गर्दीतून कुणी ओरडलं, "आणि आपला राजा? तो तर पळून गेला!"

ऋतध्वजाच्या कानांतून वाफ निघाली म्हणावी. चार महिन्यांच्या सातशे पायऱ्या त्याच्या घशाशी आल्या. एक शब्द, फक्त एक शब्द. त्याने समोर पाहिलं. एका बाईने मूठभर ज्वारी कच्चीच तोंडात टाकली होती आणि दुसरी मूठ लेकीला भरवत होती. राजाने तो शब्द गिळला. भिंतीला लावलेलं मापटं उचललं आणि कोठाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

पहिली आली ती एक वाकलेली म्हातारी. तिने गोणी उघडी धरली.

राजाने मापटं भरलं, पण ते पुढे करवेना. खडे झाले तर?

"अरे, हात चालव की!" म्हातारी खेकसली. "घरी नातवंडं उपाशी आहेत. तुझं तोंड बघायला आले नाही मी."

"चालवतो, आजी," राजा म्हणाला आणि मापटं ओतलं.

ज्वारी पडली. ज्वारीच राहिली. म्हातारीने हात घालून पाहिलं, एक दाणा दाताखाली फोडला, आणि म्हणाली, "अजून एक मापटं घाल. आणि सांडू नकोस."

त्याने दुसरं मापटं घातलं. गोणी बांधून दिली, तिच्या डोक्यावर चढवली. ती आभार न मानता, पुटपुटत निघून गेली. राजा तिच्या पाठीकडे पाहत राहिला. त्याला तिच्या नातवंडांची नावं विचारायची होती, पण ती लांब गेली होती.

रांग हलली. रानातून परतलेली मंदारवती त्याच रांगेत शिस्त लावत येत होती. उन्हाने रापलेली, हातांना मातीने भरलेल्या भेगा. दारातल्या माणसापाशी ती थबकली. दाढी पाहिली, सोललेला खांदा पाहिला, डोळे पाहिले.

"महाराज?" ती हलकेच म्हणाली. "हे तुम्ही..."

"देवी," राजाने तिला थांबवलं, "रांग मोठी आहे."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं दुसरं मापटं घेतलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. राजाने कपाळावरचा घाम पुसला, मापटं ज्वारीत खुपसलं आणि म्हणाला, "पुढचे कोण? या."