टिकलीच्या गळ्यातली घंटा

म्हशींना राखायला कुणी लागत नसे, तेव्हाची ही गोष्ट. एका कळपाच्या पुढे भुरी नावाची म्हातारी म्हैस चाले. तिच्या गळ्यात घंटा होती आणि त्या आवाजामागून सगळा कळप डोहाकडे जाई.

कळपात चार वगारी होत्या. त्या आता रेडकांत बसत नव्हत्या आणि म्हशी त्यांना आपल्यात घेत नव्हत्या. घंटेवर मात्र चौघींचा डोळा होता. एके दिवशी भुरी म्हणाली, "उद्यापासून रोज एकीनं घंटा घालायची."

"पोरी कळपाला वाट चुकवतील," बाकीच्या म्हशी कुरकुरल्या.

"चुकवू देत. मी मागे आहे."

पहिली पाळी टिकलीची. ती घंटा घणघणवत अशी उधळली की थेट डोहावर पोचली. वळून पाहते तर मागे कुणीच नाही. ती धावत परतली. वळणावर एक रेडकू चिखलात रुतलं होतं आणि कळप त्याच्याभोवती खोळंबला होता.

"मी एवढी घंटा वाजवत होते, ऐकू आली नाही?" टिकली फणकारली.

"आली की," भुरी म्हणाली. "आम्ही तुला किती हाका मारल्या, त्या तुला ऐकू आल्या का?"

टिकली चिखलात उतरली. मग तिने ढुशी देऊन रेडकाला बाहेर काढलं आणि पुढे निघाली. आता प्रत्येक वळणावर ती थांबून कान देत होती.

"वळणानंतर घंटा फारशी वाजलीच नाही," डोहात उतरता उतरता एक म्हैस म्हणाली.

भुरी गळ्यापर्यंत पाण्यात बसली. "म्हणून तर सगळ्या पोचलो."