एका पायाचा वाळा

पूर्वी वेणुकच्छ नगरात इंद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका सोनाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव रोहण. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचे दुकान होते आणि दुकानाच्या मधोमध एक शेगडी होती. ती त्याच्या पणज्याने पेटवली होती आणि तेव्हापासून कधी विझली नव्हती. काम आटोपले की निखारे राखेखाली पुरायचे आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा फुलवायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. रोहणची बायको रेवती म्हणे, "सासूबाईंनी मला घर दाखवायच्या आधी ही शेगडी दाखवली."

या घराण्याची आणखी एक रीत होती आणि गावाला तिची गंमत वाटे. कुणी जुना दागिना आटवायला आणला की रोहण तो त्याच्याच हातात परत देई आणि विचारी, "हा कुणाच्या अंगावरचा?" मग त्याने सांगायचे. आजीचा, बहिणीचा, आईने सासरी जाताना घातलेला, जे असेल ते. सांगून झाले की त्यानेच आपल्या हाताने दागिना मातीच्या मुशीत टाकायचा, आणि त्यानंतरच रोहण भाता ओढणार. घाईतली माणसे कुरकुरत यायची आणि एकदा सांगायला बसली की उठायचे नाव घ्यायची नाहीत. कित्येक जण तर सांगता सांगता दागिना पुन्हा कनवटीला लावून घरी जात, आणि रोहणचे काम बुडे.

"अहो, धंदा करायला बसलात की गोष्टी ऐकायला?" रेवती कपाळाला हात लावून विचारी.

"अगं, चांदी आटवली की पुन्हा घडवता येते," रोहण म्हणे. "तिच्यात जे माणूस असतं ते नाही घडवता येत. निदान ऐकून तरी घ्यावं."

पुढे असे झाले, की राजाला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. हत्तीवरून साखर वाटली गेली. राजा आनंदाने नुसता भारावून गेला होता. त्याच्या मनात आले, बारशाला राजपुत्राच्या पाळण्याला चांदीच्या घुंगरांची झालर असावी, आणि ते घुंगरू नगरातल्या तान्ह्या मुलांच्या वाळ्यांतून घडवावेत. साऱ्या बाळांच्या पायांचा नाद आपल्या बाळाच्या कानावर पडावा. कल्पना गोड होती. राजा म्हणाला होता, "लोकांनी जोडीतला एक वाळा द्यावा." अमात्य पुष्कल यांनी दवंडी पिटवली ती मात्र "दिलाच पाहिजे" अशी. काही माणसांच्या अंगात राजापेक्षा जास्त राजेपण असते, आणि अमात्यांच्या अंगात ते ओसंडून वाहत होते.

त्या नगरात मूल जन्मले की सुईण दारात उभी राहून काशाची थाळी वाजवी. यंदा कुठे कुठे थाळी वाजली ते अमात्यांनी सुईणींना विचारून घेतले आणि त्या घरांत शिपाई धाडले. घुंगरू घडवायचे काम रोहणकडे आले. काम नीट झाले तर त्याला राजसोनार करायचे आणि नदीकाठचे एक गाव इनाम द्यायचे, असेही ठरले. रेवतीने त्या गावात कुठे गोठा बांधायचा आणि कुठे वांगी लावायची, ते मनातल्या मनात ठरवूनही टाकले.

बारशाच्या आदल्या दिवशी दुकानापुढे बायकांची रांग लागली. रोहणने आपली रीत सोडली नाही. अमात्य बाजूला पाय हलवत बसले होते, पण रांग भराभर पुढे सरकत असल्यामुळे त्यांनी चालू दिले.

"हा माझ्या लेकीचा," एक बाई हसत म्हणाली. "पायात कमी आणि तोंडात जास्त असतो." तिने वाळा मुशीत टाकला.

अशी मोठी मूस भरत आली, आणि वाळे टाकलेल्या बायकाही चांदी आटताना पाहायला तिथेच थांबल्या. सगळे वाळे जमल्यावर एकदमच आटवायचे, म्हणून रोहणने ती शेगडीच्या बाजूला ठेवली होती आणि निखारे लालभडक करून ठेवले होते.

शेवटी शिपाई एका बाईला घेऊन आले. ती तिष्या, वेशीजवळच्या बुरडाची बायको. नवरा बांबू तोडायला रानात गेलेला होता. वाळा शिपायाच्या हातात होता आणि ती नुसतीच त्या हाताकडे पाहत उंबऱ्याबाहेर उभी होती.

"ही देत नव्हती," शिपाई म्हणाला. "दुसरा कुठे दडवलाय तेही सांगत नाही. म्हणते, घरात मूलच नाही. थाळी तर साऱ्या आळीने ऐकली."

रोहणने वाळा पाहिला आणि लगेच ओळखला. धान्य पाखडायच्या सुपांच्या बदल्यात ही जोडी त्यानेच घडवली होती. बुरडाचे बाळ म्हणून सांध्याच्या जागी त्याने बांबूच्या पेरासारखी एक बारीकशी गाठ काढली होती, आणि ती पाहून तिष्या केवढी खुलली होती. आज तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्याने वाळा तिच्या हातात दिला. तिने तो मुठीत धरून छातीशी लावला.

"हा कुणाच्या अंगावरचा? मुशीत टाकतेस का, बाई?"

तिने मान हलवली. नाही.

"मग घरी घेऊन जा."

"थांबा!" अमात्य उठले. त्यांनी शिपायाकडून तिची मूठ उघडवली आणि वाळा रोहणपुढे टाकला. "घाल मुशीत आणि ओढ भाता."

"तिने आपल्या हाताने टाकला नाही."

"मग मी टाकतो."

"टाका. भाता मी ओढणार नाही."

अमात्य आधी हसले. मग त्यांना समजावणीचा सूर सापडला. "रोहण, अरे गाव मिळतंय तुला. एका वाळ्यासाठी का घालवतोस?"

"एकाच वाळ्याचा प्रश्न असेल तर एक कमी असू द्या."

"हा मोह आहे या बाईचा. धातूचा मोह. चार शब्द सांगून तिला त्याग शिकव."

"हिसकावून घेतलं त्याला त्याग म्हणत नाहीत, अमात्य. घेणारा कितीही मोठा असो. ती कशासाठी देत नाही, मला माहीत नाही. तिने सांगितलंही नाही. पण ती देत नाही, एवढं मला दिसतंय, आणि मला तेवढं पुरे आहे."

अमात्य तडक राजवाड्याकडे गेले. रेवती आतून आली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, आपलं पोट या हातांवर आहे. राजा रागावला तर हातच राहायचे नाहीत." रोहण ऐरणीला टेकून बसला. त्याला भीती वाटत नव्हती असे नाही. पण मनात एकदा गाठ बसली होती ती बसली होती, आणि भीतीने ती सुटत नव्हती.

राजा आला. तो मनाने वाईट नव्हता. फक्त फार दिवसांनी सुखी झाला होता आणि सुखात कुणी आडवे आलेले त्याला खपत नव्हते. त्याने सारे ऐकून घेतले आणि वाळा उचलला.

"या राज्यातलं सगळं माझं. मग मालक मीच, नाही का? मी माझ्या हाताने टाकतो. तुझी रीत काही मोडत नाही."

"नाही मोडत, महाराज," रोहण हात जोडून म्हणाला. "फक्त सांगा, हा कुणाच्या अंगावरचा?"

राजाचा हात मुशीवर थांबला. "असेल कुणाच्या तरी मुलाचा."

"कुणाच्या तरी, असं या दुकानात आजवर कुणी म्हटलेलं नाही."

राजाचा चेहरा लाल झाला. "दुसऱ्या सोनाराला बोलवा! शेगडी पेटलेली आहेच. भाता ओढायला अक्कल लागत नाही."

शिपाई वळला तेवढ्यात रोहण उठला. कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. त्याने घागर भरली आणि आपल्या पणज्याच्या शेगडीवर ओतली. मग दुसरी ओतली. दुकानभर वाफ आणि राखेचा वास पसरला. रेवतीच्या तोंडून किंकाळी फुटली. ती शेगडी विझलेली त्या गल्लीत कुणीच पाहिली नव्हती, आणि आता ती काळी, ओली होऊन पडली होती.

"या आगीत हा वाळा आटणार नाही," रोहण म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते काही वाफेमुळे नव्हते.

राजाने त्या काळ्या शेगडीकडे वाकून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझे हात तोडायला सांगेन मी. या हातांचं तुला काही वाटत नाही?"

"वाटतं, महाराज. फार वाटतं. म्हणून तर त्यांना हे काम सांगत नाही."

तेव्हा उंबऱ्याबाहेर तिष्या पुढे सरकली. इतका वेळ तिच्या तोंडून जो शब्द निघत नव्हता, तो त्या विझलेल्या शेगडीकडे पाहून निघाला.

"मी सांगते कुणाचा ते," ती म्हणाली. "मुलगा होता माझा. थाळी वाजली ती खरीच. बारसं उद्यावर आलं होतं आणि तो गेला. नाव ठेवायचं होतं, ते राहिलं. म्हातारी माणसं म्हणाली, नाव नसलेल्याचं सुतक नसतं, बाहेर बोलू नकोस, रडू नकोस. एक वाळा त्याच्या पायात तसाच राहू दिला. एक मी काढून घेतला. तुम्ही म्हणता सांग कुणाचा, तर काय सांगू? हाक मारायला नाव नाही. तो आला होता, एवढं सांगणारं माझ्या घरात हेच आहे."

रोहणला बांबूच्या पेरासारखी ती बारीकशी गाठ आठवली आणि त्याने मान खाली घातली.

"अभद्र!" अमात्य दोन पावले मागे सरले. "महाराज, टाका ते खाली. गेलेल्या मुलाचं, आणि ते राजपुत्राच्या पाळण्याला? नदीत फेकायला सांगतो."

"पुष्कल," राजा म्हणाला, "अभद्र म्हणू नका. माझ्या घरातही एक मूल आहे आणि त्यालाही अजून नाव नाही."

त्याने वाळा मुशीवरून काढला. राजाने प्रजेला काही द्यावे तसा नव्हे, तर एखादे झोपलेले लेकरू आईकडे परत द्यावे तसा, दोन्ही हातांनी, तिष्येच्या ओंजळीत ठेवला. मग तो रांगेतल्या बायकांकडे वळला. "ज्यांनी भिऊन टाकला असेल त्यांनी आपापला परत घ्या." दोघी-तिघींनी लाजत लाजत आपले वाळे उचलले. बाकीच्यांनी राहू दिले. ती लेकीच्या तोंडातला वाळा देणारी म्हणाली, "मी तर हौसेने दिलाय, महाराज."

राजाच्या मनगटात सोन्याच्या कड्यामागे एक बारीक चांदीचे कडे होते. ते त्याने कष्टाने ओढून काढले. "हे माझ्या आईने घातलेलं. मी पहिल्यांदा घोड्यावर बसलो तेव्हा, पडू नये म्हणून. आणि मी त्याच दिवशी पडलो. तिने मात्र ते कधी काढू दिलं नाही." त्याने कडे आपल्या हाताने मुशीत ठेवले. "आता ओढ भाता, रोहण."

पण भाता ओढायला आग कुठे होती? रोहण विझलेल्या शेगडीपाशी हात टेकून बसला होता. तेवढ्यात कुणाच्या लक्षात आले, की तिष्या दारात नाही. वाळा मिळाला, गेली बिचारी, असे सर्वांना वाटले. थोड्या वेळाने ती परत आली. तिच्या हातात एक फुटके खापर होते आणि खापरात राखेवर फुललेले निखारे होते.

"माझ्या चुलीतले आहेत," ती राजाला म्हणाली. "त्या घरातले. चालतील का?"

अमात्यांनी तोंड उघडले, राजाकडे पाहिले आणि मिटले.

"चालतील," राजा म्हणाला.

रोहणने ओली राख उपसली, कोरडा कोळसा भरला आणि तिच्या निखाऱ्यांवर फुंकर घातली. राजपुत्राचे घुंगरू त्या आगीत आटले. दुसऱ्या दिवशी पाळणा सजला, तेव्हा झालरीत मधोमध एक जागा राजाच्या आज्ञेने मोकळी ठेवलेली होती. आधी त्या जागेला हात लावून मगच राजाने मुलाच्या कानात नाव सांगितले. रोहण राजसोनार झाला नाही, ते गाव दुसऱ्याच कुणाला मिळाले आणि रेवतीने वांगी परसातच लावली. गल्लीतली शेगडी मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या जळत राहिली. तिला कुणी पणज्याची शेगडी म्हणत नसे. तिष्येची शेगडी म्हणत.

आता शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती का, तेही ऐका. त्या दिवशी विहारात एक म्हातारी उपासिका आली होती. तिच्या पदराच्या गाठीत मेलेल्या लेकीचे एकच कर्णफूल बांधलेले होते. वाकून वंदन करताना ते खणकन पडले आणि काही तरुण भिक्षू हसले. हिला अजून मोह सुटत नाही, असे एकाने म्हटलेही. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे अमात्य पुष्कल म्हणजे तुमच्यातला जो सर्वांत मोठ्याने हसला, तो. राजा इंद्रकेतू म्हणजे जो हसता हसता मध्येच थांबला, तो. रेवती म्हणजे जिने खाली वाकून ते कर्णफूल शोधून दिले, ती भिक्षुणी. तिष्या ही उपासिकाच होती. आणि शेगडीवर पाणी ओतणारा तो सोनार मी होतो. सोडायचे ते ज्याचे त्यानेच, आपल्या हाताने, आपल्या वेळी सोडायचे असते. तोवर ते कुणी हिसकावू नये म्हणून जो आपल्या जागेवरून हलत नाही, त्याने अधिष्ठान पारमिता, म्हणजे अढळ निश्चयाची परिपूर्णता, आचरली असे म्हणतात." मग त्यांनी उपासिकेला जवळ बोलावले आणि विचारले, "बाई, हे कर्णफूल कुणाच्या कानातले?" ती खाली बसली आणि सांगू लागली.