चिमाबाईच्या पाठीवरचा वळ

भाविकहो, गोदावरीकाठच्या धामणखेड्यात श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हा घडलेली ही गोष्ट. महाराज भिक्षेला निघाले की थेट गावाबाहेर, चिमाबाई धनगरणीच्या झोपडीशी जात. त्या गरीब विधवेला गाव चेटकीण म्हणे, आणि त्यात हैबतराव पाटील सगळ्यांच्या पुढे! तिने दिलेल्या झाडपाल्याने त्यांची गाय उठून उभी राहिली, तर पाटील म्हणाले, "करणी तिनंच केलेली, म्हणून तर तिलाच उतरवता आली!"

एके दुपारी पाटील शेतावरून आले आणि दारातच थिजले. पडवीत पाळण्यापाशी चिमाबाई, आणि त्यांची तान्ही नात तिच्या हातात!

"चेटकिणी, पोर पळवतेस?" पाटलांनी हातातली काठी तिच्या पाठीत हाणली. बाई गुडघ्यांवर कोसळली, पण पोर तिने छातीशी घट्ट धरले होते.

"मालक," ती कशीबशी म्हणाली, "पाळण्यात बघा..."

पाळण्यात काळा नाग फणा काढून बसला होता! पण मनाची गाठ किती चिवट असते पाहा! ते ओरडले, "हिनंच आणून सोडला!" जमलेल्या लोकांनीही माना डोलावल्या.

तोच महाराज आले. त्यांना पाहताच नाग मुकाट उतरून कुंपणाकडे निघून गेला. चिमाबाईच्या मनगटावर दातांच्या दोन खुणा होत्या, ओठ निळे पडत होते, डोळे मिटले होते.

"हिनं आणला, तर हिलाच कसा डसला, पाटील?"

"सोंग आहे, बुवा! तुम्ही भोळे."

महाराजांनी तिचे मनगट हातात धरले. पाहता पाहता तिचे डोळे उघडले, खुणा पुसल्या गेल्या, आणि महाराजांचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला! त्याच दोन खुणा आता त्यांच्या मनगटावर होत्या!

"आता याचाही अर्थ लावा, पाटील," महाराज म्हणाले.

महाराजांच्या हातावरची निळाई हळूहळू ओसरली, तसे पाटील हंबरडा फोडून त्यांच्या पायांवर कोसळले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "विष भगवंतानं घेतलं, पाटील. तिच्या पाठीवरचा वळ मात्र तुमचा आहे. तो कोण घेणार?"

तेव्हा सगळ्या गावादेखत हैबतराव पाटलांनी चिमाबाईच्या पायांवर डोके ठेवले. "माय," ते एवढेच म्हणू शकले.